जियाओझीतलं पाणी

उत्तर चीनमधल्या घरांत जियाओझ्या करायला घेतात तेव्हा सुरुवातीची दोन कामं एकमेकांच्या उलट असतात. कोबी बारीक चिरून त्याला मीठ लावायचं आणि सुटलेलं पाणी पिळून काढायचं. मग शेजारच्या भांड्यातल्या खिम्यात चमचा-चमचा करून पाणी घालायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं. पाणी घालायचंच होतं, तर आधी पिळलं कशाला? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की जियाओझीचं अर्धं तंत्र हाती येतं, आणि उरलेलं अर्धंही पाण्याचंच आहे. पिठात पाणी किती आणि ते गार की उकळतं, पातेल्यातलं पाणी किती खळखळू द्यायचं, तव्यावर ते केव्हा आटू द्यायचं, हे जमलं की पदार्थ जमला. मसाले जेमतेम पाच-सहा असतात आणि त्यांत थोडं इकडचं तिकडे झालं तरी बिघडत नाही. पाणी चुकलं की मात्र पारी फाटते नाहीतर सारण चोथा होतं.

जियाओझी म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पातळ पारीत मांस आणि भाजीचं कच्चं सारण भरून, कडा दाबून अर्धचंद्रासारखी मिटलेली आणि पाण्यात उकळलेली वस्तू. ‘कच्चं’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आपल्याकडे सामोशात किंवा खिमा पॅटिसमध्ये सारण आधी शिजवतात, म्हणजे त्यातला रस आधीच आटलेला असतो. जियाओझीत मांस बंद पारीच्या आत पहिल्यांदाच शिजतं आणि त्याचा रस बाहेर पडायला जागा नसते. चांगली जियाओझी तोडली की तोंडात आधी रस येतो तो यामुळे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मिळणारे मोमो तिबेट-नेपाळकडून आलेले, आणि हॉटेलातल्या सूपमधले वाँटन चौकोनी, कागदासारख्या पातळ पारीचे. सगळे एकाच कुळातले, तरी जियाओझीची पारी जाडसर असते, तिला चावताना प्रतिकार लागतो, आणि उत्तरेकडच्या माणसाला तोच हवा असतो.

हा पदार्थ उत्तरेचा आहे, कारण गहू उत्तरेचा आहे. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी रेषा चीनचे साधारण दोन भाग करते, खाली भात आणि वर गहू. पेइचिंग, हपेई, शानतुंग आणि ईशान्येकडच्या प्रांतांत चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघर जियाओझ्या होतात. 1983 पासून त्या रात्री सरकारी दूरचित्रवाणीवर करमणुकीचा मोठा कार्यक्रम असतो. तो बघत, टेबलाभोवती बसून सगळं घर पाऱ्या लाटतं आणि भरतं. एखाद्या जियाओझीत नाणं दडवायचं आणि ज्याच्या वाट्याला ते येईल त्याचं वर्ष भाग्याचं, अशी प्रथा आहे. जुन्या काळी चीनमध्ये चालणाऱ्या चांदीच्या नावेसारख्या लगडींशी तिचा आकार जुळतो, म्हणून तिला समृद्धीची खूण मानतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशीही त्या खायच्या, नाहीतर थंडीने कान गळून पडतात असं मुलांना सांगतात. त्यामागे पूर्व हान काळातले वैद्य चांग चुंगचिंग यांची दंतकथा आहे. थंडीने कान फुटलेल्या गरिबांना त्यांनी मांस आणि औषधी वनस्पती कणकेत भरून, कानाच्या आकाराचे तुकडे उकळून खाऊ घातले, असं सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी पदार्थ जुना आहे याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. शिनच्यांगमधल्या तुर्फानजवळ अस्ताना इथल्या कबरींत थांग राजवटीच्या काळातल्या, म्हणजे हजार वर्षांहून जुन्या, वाळून टणक झालेल्या जियाओझ्या सापडल्या. वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्या टिकवल्या आणि त्यांचा आकार आजच्यासारखाच आहे.

आता कामाला लागू. पीठ आधी भिजवायचं, म्हणजे ते मुरेपर्यंत सारण होतं. 400 ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ आणि 200 मिलिलिटर गार पाणी. एवढ्यात 50 जियाओझ्या होतात, म्हणजे तीन-चार माणसांचं जेवण. मैद्याच्या निम्मं पाणी हे उकळायच्या जियाओझीचं नेहमीचं प्रमाण. पाणी थोडं-थोडं ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा, म्हणजे पिठाचे रवाळ गोळे होतात, आणि ते सगळे ओले झाले की हाताने एकत्र आणा. या टप्प्यावर पीठ इतकं घट्ट आणि खडबडीत वाटतं की पोळीची कणीक मळण्याची सवय असलेला हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. तो आवरा. पाच मिनिटं मळून पीठ झाकून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मळा. मघाचा खडबडीत गोळा गुळगुळीत होऊ लागलेला असतो. पाणी पिठाच्या कणांत शिरायला वेळ लागतो आणि तो वेळ मळण्याने भरून निघत नाही. चिनी स्वयंपाकघरात सांगतात की पीठ झालं तेव्हा तीन गोष्टी लख्ख असाव्यात, गोळा, हात आणि भांडं. हातांना पीठ चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, भांड्यात कोरडं पीठ उरलं असेल तर कमी पडलंय. यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. त्यानंतर ओल्या फडक्याखाली निदान अर्धा तास.

मैदाच का, गव्हाची कणीक का नाही, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात भिजून मळली गेली की त्यांचं लवचीक जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. ते जाळं पारीला ताणू देतं आणि उकळत्या पाण्यात फाटू देत नाही. चक्कीच्या पिठातला कोंडा हे जाळं जागोजागी तोडतो. पोळीला त्याने फरक पडत नाही, कारण पोळी कोरड्या तव्यावर भाजायची असते. पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायच्या पारीला मात्र ते परवडत नाही. पौष्टिकतेसाठी कणीक घ्यायचीच असेल तर एक चतुर्थांश घ्या आणि त्या जियाओझ्या वाफवा.

पाणी गार का, हेही इथेच सांगायला हवं. गार पाण्याने ग्लुटेन पूर्ण ताकदीने बनतं, म्हणून उकळायच्या जियाओझीला गार पाणी. वाफवायच्या किंवा तव्यावर करायच्या जियाओझीसाठी मात्र पीठ उकळत्या पाण्याने भिजवतात, निदान अर्धं तरी. साधारण 60 अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो, तर प्रथिनांची जाळं विणण्याची ताकद उष्णतेने कमी होते. मग पीठ मऊ होतं, लाटलेली पारी मागे आकसत नाही आणि वाफेवर शिजून ती कातड्यासारखी चिवट होत नाही. उकडीच्या मोदकाचं पीठ हे याच गोष्टीचं टोक आहे. तांदळात ग्लुटेन नसतंच, त्यामुळे सगळी भिस्त उकळत्या पाण्याने फुगलेल्या स्टार्चवर, आणि म्हणून उकड नीट न काढलेली पारी हातात चिरते. ज्यांना मोदक जमतात त्यांना गरम पाण्याच्या पिठाचा अंदाज पहिल्याच दिवशी येईल. या पिठाला पाणीही थोडं जास्त लागतं, 400 ग्रॅमला सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास.

पीठ मुरतंय तोवर सारण. उत्तर चीनचं रोजचं सारण म्हणजे डुकराचं मांस आणि लांबट, फिकट पानांचा चिनी कोबी. मांसात तीस टक्के चरबी असावी. वसई, वांद्रे किंवा गोव्यात जिथे चांगलं पोर्क मिळतं तिथे खाटकाला स्पष्ट सांगा की चरबीसह खिमा हवा. निव्वळ लाल मांसाचा खिमा दिसायला छान असतो पण शिजल्यावर गोळीसारखा घट्ट होतो. चिकन घ्यायचं तर छातीचं नको, मांडीचं घ्या, आणि त्यात दोन चमचे तेल घाला. बोकडाच्या खिम्यालाही चरबीची जोड लागते. चीनच्या वायव्येकडे ह्वेई मुसलमानांच्या घरांत मेंढीच्या मांसाच्या जियाओझ्या करतात, त्यात कांद्याची पात नाहीतर गाजर असतं. मेंढीचा वास मऊ करायला त्यात साध्या पाण्याऐवजी सिचुआन मिरी भिजवलेलं पाणी जिरवतात. ही मिरी आणि कोकणातलं तिरफळ एकाच वनस्पतिवंशातली. बिया काढून सात-आठ तिरफळं गरम पाण्यात अर्धा तास ठेवली तर बोकडाच्या खिम्यासाठी अगदी चालतील असं पाणी मिळतं. चव हुबेहूब तीच नाही, पण जिभेला येणारी हलकी झिणझिण तीच.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी आणखी एक. शानतुंगच्या छिंगताओ आणि यानथाय या बंदरांत माशांच्या जियाओझ्यांची मोठी हौस आहे, आणि त्यासाठी ते जो मासा वापरतात तो आपल्या सुरमईचा सख्खा नातलग आहे. काटे काढून मांस चमच्याने खरवडायचं, थोडी डुकराची चरबी आणि लसणाच्या वासाची चिनी पात घालायची, आणि पाणी इतकं जिरवायचं की सारण जवळजवळ सैल लापशी होतं. या जियाओझ्या आकाराने मोठ्या असतात. मालवणात किंवा रत्नागिरीत हे कोणी करून पाहिलं तर फार चांगलं होईल असं मला मनापासून वाटतं.

आपण चिकन किंवा पोर्क 350 ग्रॅम धरू. त्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि दीड मोठा चमचा हलका सोया सॉस घाला. हलका म्हणजे पातळ, खारट, रंगाने तांबूस. नूडल्सना काळा रंग आणणारा घट्ट सॉस इथे नको. एक मोठा चमचा अगदी बारीक किसलेलं आलं आणि पाव चमचा पांढरी मिरपूड घाला. आता चार चॉपस्टिक्स एकत्र धरून किंवा लाकडी चमच्याने एकाच दिशेने ढवळायला लागा. मीठ लागलेल्या मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटून चिकट होतं, ढवळण्याने त्याचे धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांचं जाळं बनतं. या जाळ्यात पाणी कोंडता येतं, हेच मघाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. 70 मिलिलिटर पाणी किंवा गार केलेलं चिकनचं स्टॉक घ्या, एक मोठा चमचा घाला, तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत ढवळा, मग पुढचा. खिमा हळूहळू फिका होतो, भांड्याच्या कडांना केसाळ धाग्यांसारखा ओढला जातो आणि चमच्याला जड लागतो. तिथे थांबा.

एकाच दिशेने ढवळण्याबद्दल चिनी घरांतली वडीलधारी माणसं फार कडक असतात. माझं मत असं की दिशेपेक्षा न थांबता ढवळण्याला महत्त्व आहे. पण एक दिशा धरली की हात लयीत चालतो आणि थांबत नाही, म्हणून नियम पाळावा. दिशेपेक्षा जास्त जपायला हवं ते तापमान. मुंबईच्या एप्रिलमध्ये ओट्यावरचा खिमा लगेच कोमट होतो, चरबी वितळून मांसाला लडबडते आणि मग पाणी धरलं जात नाही. मांस, पाणी आणि भांडंसुद्धा फ्रिजमधून काढा.

पाणी जिरल्यावर तेल, आधी नाही. तेलाचा थर बसलेल्या मांसात पाणी शिरत नाही; उलट पाणी जिरल्यावर तेल घातलं की ते झाकणासारखं काम करतं. एक मोठा चमचा तिळाचं तेल घाला, मात्र चिनी पद्धतीचं, भाजलेल्या तिळांचं, गडद रंगाचं. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं असतं, त्याला तो वास नसतो. ते मिळालं नाही तर साधं तेल घ्या आणि एक चमचा तीळ खमंग भाजून, कुटून घाला. मांस झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

आता कोबी. चिनी कोबीत 95 टक्के पाणी असतं, आपल्या गड्ड्याच्या कोबीत त्याहून थोडं कमी, आणि दोन्ही चालतात. 450 ग्रॅम कोबी बारीक चिरा. मिक्सरमध्ये फिरवू नका, त्याने पेशी चिरडून लगदा होतो आणि चावताना काही लागत नाही. एक छोटा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. मग मूठ-मूठ घेऊन किंवा पातळ फडक्यात बांधून पिळा, थेंब यायचे थांबेपर्यंत नाही, धार थांबेपर्यंत. अगदी कोरडा पिळलेला कोबी शिजल्यावर दोऱ्यासारखा लागतो.

आता मघाचं दुसरं उत्तर. कोबीतलं पाणी मोकळं असतं. मीठ किंवा उष्णता लागली की ते वाहायला लागतं, सारणातून सुटून पारीत शिरतं, पारी तळाशी ओली होऊन परातीला चिकटते आणि उचलताना फाटते. मांसातलं पाणी प्रथिनांच्या जाळ्यात बांधलेलं असतं. कच्चं असताना ते हलत नाही, आणि शिजताना जाळं आवळलं की रसरूपाने सुटतं, पण तोवर पारी शिजून बंद झालेली असते. मोकळं पाणी काढायचं आणि बांधलेलं पाणी घालायचं, एवढाच त्या दोन उलट्या कामांचा अर्थ आहे. पिळलेलं कोबीचं पाणी टाकून देऊ नका, मांसात जिरवायला तेच वापरता येतं. फक्त ते खारट असतं, म्हणून मांसातलं मीठ निम्मं करा.

सगळ्याच भाज्यांना मीठ लावत नाहीत. पात, शेपू किंवा कोथिंबीर अशा कोवळ्या पाल्याचा सगळा वास त्याच्या पाण्यातच असतो. पिळला तर उरलं काय? असा पाला चिरून आधी तेलात घोळवतात, म्हणजे मिठाचा संपर्क उशिरा होतो, आणि भरायच्या क्षणी मांसात मिसळतात. पेइचिंगकडे बडीशेपेच्या कोवळ्या पाल्याच्या जियाओझ्या करतात. आपला शेपू त्या जागी चांगला बसतो. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांनाही इथे आवडू शकेल. लसणाच्या वासाची चिनी पात आपल्या बाजारात क्वचित मिळते. तिच्याऐवजी कांद्याची पात आणि हिवाळ्यात मिळणारी लसणाची पात निम्मी-निम्मी घ्या.

मांसाहार न करणाऱ्यांसाठीही उत्तर चीनमध्ये जुनी सोय आहे. काही घरांत वर्षाच्या पहिल्या दिवशी मुद्दाम बिनमांसाच्या जियाओझ्या करतात. मोकळं परतलेलं अंडं आणि पात ही सर्वांत साधी जोडी, सोबत मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया भिजवून चिरलेल्या. अंडंही नको असेल तर दाबून पाणी काढलेलं टोफू, भिजवलेले सुके मशरूम आणि पिळलेला कोबी. शेवयांचं काम इथे मोलाचं आहे, कारण सुटेल ते पाणी त्या पितात.

पिळलेला कोबी आणि मूठभर पात मांसात मिसळा, शक्यतो पारी लाटायला घेतल्यावरच. मिठाचा अंदाज घ्यायला कच्चं सारण चाखू नका. चमचाभर सारण तव्यावर भाजून खाऊन बघा.

लाटण्यातलं कसब हाताने शिकायचं आहे, तरी त्यामागचं कारण सांगता येतं. पीठ लांब वळून त्याच्या 12 ग्रॅमच्या लाट्या करा, प्रत्येक लाटी तळव्याने दाबून चपटी करा. चिनी लाटणं बारीक, बिनमुठीचं, वीतभर लांबीचं असतं. उजव्या तळव्याखाली लाटणं कडेपासून मध्यापर्यंत आणि परत न्यायचं, आणि प्रत्येक वेळी डाव्या हाताच्या बोटांनी पारी थोडी फिरवायची. लाटणं मध्य ओलांडत नाही. त्यामुळे पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ राहते. मिटताना दोन कडा एकमेकींवर येतात, म्हणजे तिथली जाडी दुप्पट होते. कडा आधीच पातळ असल्या तरच ती सगळीकडे सारखी शिजते. मधल्या भागावर सारणाचा भार असतो, म्हणून तो जाड. व्यास साडेआठ ते नऊ सेंटिमीटर. मोठी पारी लाटून वाटीने गोल कापू नका, ती सगळीकडे एकाच जाडीची होते. दुकानातल्या तयार पाऱ्या सुकलेल्या असतात, कडेला पाणी लावल्याशिवाय मिटत नाहीत आणि उकळताना तिथेच उघडतात. वेळ नसेल तर त्या आणण्यापेक्षा तो दिवस सोडून द्यावा असं मी म्हणेन.

पारी डाव्या हाताच्या बोटांवर घेऊन मध्ये साधारण 15 ग्रॅम सारण ठेवा. कडेला तेल किंवा सारण लागू देऊ नका, तेलकट कड मिटत नाही. आधी मधला बिंदू दाबा, मग दोन्ही टोकांकडे हवा बाहेर ढकलत दाबत जा. आत राहिलेली हवा उकळताना फुगते आणि पारी फोडते. चुण्या घातल्या तर जियाओझी पोटावर नीट बसते, पण उकळायच्या जियाओझीला त्यांची गरज नाही. उत्तरेकडच्या घरांत सगळ्यांत जलद पद्धत म्हणजे दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी एकदाच आवळणं, आणि फुगीर पोटाची जियाओझी तयार. भरलेल्या जियाओझ्या ते ज्वारीच्या धाटांच्या, शिवून केलेल्या गोल चटईवर वर्तुळात मांडतात. धाटांमधून हवा खेळते आणि तळ सुकलेला राहतो. आपण परातीत भरपूर मैदा भुरभुरावा. हे काम एकट्याने करू नका. लाटलेली पारी पाच-दहा मिनिटांत कडेला सुकते आणि मिटेनाशी होते. एकजण लाटणारा आणि दोघं भरणारी असली तर पारी लाटण्याखालून थेट हातात जाते.

उकळायला मोठं पातेलं घ्या, निम्म्याहून जास्त पाण्याने भरलेलं. पाणी खळखळलं की पंधरा-वीस जियाओझ्या एकेक करून सोडा आणि लगेच झाऱ्याच्या पाठीने तळाशी एकदा हळुवार ढवळा, नाहीतर त्या तळाला धरतात. झाकण ठेवा. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी ओता. पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. सततच्या खळखळाटात जियाओझ्या एकमेकींवर आपटून फाटतात. गार पाण्याने उकळी बसते, बाहेरची पारी गळण्याआधी आतलं मांस शिजायला वेळ मिळतो. उत्तरेकडे सांगतात की झाकण ठेवून सारण शिजतं आणि काढून पारी. म्हणून शेवटच्या पाण्यानंतर झाकण काढा. एकूण सात-आठ मिनिटं. सगळ्या फुगून वर तरंगू लागतात, पारी किंचित पारदर्शक होते. तरंगणं म्हणजे शिजणं नव्हे, तेव्हा पहिल्या घाण्यातली एक फोडून बघा: मांस मध्यापर्यंत फिकं आणि घट्ट हवं. डुकराचं मांस आतून निदान 71 अंश आणि कोंबडीचं 74 अंश तापायला हवं. गरम जियाओझ्या ताटात एकावर एक रचू नका.

तव्यावरच्या जियाओझीला ग्वोत्ये म्हणतात. पसरट नॉनस्टिक तव्यात दोन चमचे तेल, त्यात जियाओझ्या पोटावर बसवा, दोन मिनिटांत तळ सोनेरी होतो. मग त्यांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी ओता आणि ताबडतोब झाकण ठेवा, कारण तेल उडतं. सात-आठ मिनिटं वाफ. झाकण काढून पाणी पूर्ण आटू द्या. चरचर आवाज बदलून बारीक तडतड सुरू झाली की पाणी संपलं आणि तेल उरलं. तळ पुन्हा कुरकुरीत होतो. पाण्यात चमचाभर मैदा कालवला तर सगळ्या जियाओझ्यांना जोडणारी जाळीदार पापडी तयार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांनी हीच पद्धत सोबत नेली आणि जपानचं ग्योझा त्यातून रुजलं. उत्तर चीनच्या घरांत मात्र तव्यावर बऱ्याचदा आदल्या रात्रीच्या उरलेल्या, उकळलेल्या जियाओझ्या येतात, सकाळच्या न्याहारीला.

सोबत काळं व्हिनेगर हवं, धान्य आंबवून केलेलं. शान्शी प्रांतातलं जुनं, मुरवलेलं किंवा च्यांगसू प्रांतातल्या चनच्यांगचं, दोन्ही नामांकित आहेत आणि मोठ्या शहरांत मिळतात. ते नसेल तर साध्या व्हिनेगरमध्ये थोडा सोया सॉस आणि चिमूटभर साखर. त्यात ठेचलेला कच्चा लसूण घाला. चिनी माणूस सारणात सहसा लसूण घालत नाही, तो इथे घालतो. उत्तरेकडे बाराव्या चांद्र महिन्याच्या आठव्या दिवशी सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात. नववर्षापर्यंत पाकळ्या पाचूसारख्या हिरव्या होतात आणि ते व्हिनेगरच जियाओझ्यांबरोबर येतं. हिरवा रंग लसणातल्या गंधकयुक्त घटकांमुळे येतो, त्यात धोका काही नाही. ज्या पाण्यात जियाओझ्या उकळल्या ते पाणी शेवटी वाटीत घेऊन गरम-गरम पितात. पारीतून सुटलेल्या स्टार्चने ते दुधाळ झालेलं असतं आणि जेवणानंतर खरोखर बरं वाटतं.

उरलेल्या कच्च्या जियाओझ्या फ्रिजमध्ये ठेवू नका, रात्रभरात पारी सारणातलं पाणी ओढून घेते. त्या मैदा भुरभुरलेल्या ताटात सुट्या मांडून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. करताना वितळवायच्या नाहीत, गोठलेल्याच थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची. महिनाभर त्या चांगल्या राहतात. पुढे कडा सुकून तडकतात, तेव्हा डब्यावर तारीख लिहून ठेवा.